मोटारीच्या तळाचा लेप : मीठ, डांबर आणि गंज

१/८
रस्त्यावरील बर्फ हटवण्यासाठी मीठ पसरण्याचे सर्वसाधारण धोरण अमेरिकेत प्रथम न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या सुमारास स्वीकारले. महायुद्धानंतर ही पद्धत अन्यत्रही रूढ झाली. रस्ते मोकळे झाले. त्याची किंमत मात्र मोटारींच्या तळाने मोजली.

२/८
गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि खारे पाणी विजेचे उत्तम वाहक. त्यामुळे चाकांनी उडवलेला खारा चिखल ज्या सांध्यांत अडकून राही, तेथील पत्रा झपाट्याने गंजू लागे.

३/८
पूर्वी मोटारीचा भार जाड पोलादी चॅसी पेलत असे. युद्धोत्तर काळात चॅसी आणि बॉडी एकसंध असलेली रचना प्रचलित झाली. तिच्यात तळाचा पातळ पत्रा आणि पेटीसारखे पोकळ भागच भार पेलतात. गंजाचा प्रश्न आता प्रवाशांच्या जिवाशी येऊन भिडला.

४/८
पहिला उपाय होता जाड डांबरी लेपाचा. नवा असताना तो खडी आणि पाणी दोन्ही अडवी. कालांतराने तो कडक होऊन त्याला तडे जात. तड्यांतून शिरलेले खारे पाणी लेपाखाली कोंडले जाई. बाहेरून तळ काळाभोर आणि धडधाकट. आत पत्र्याची चाळण!

५/८
१९५९ मध्ये कुर्ट झीबार्ट या जर्मन मेकॅनिकच्या पद्धतीचे पहिले दुकान डेट्रॉइटमध्ये सुरू झाले. पोकळ भागांना छिद्रे पाडून, लांब नळीने आत गंजरोधक द्रव्य फवारायचे, अशी ही पद्धत. गंज आतूनही पोखरतो, हे तिने ओळखले होते.

६/८
दुर्लक्षाची किंमत लॅन्सियाने मोजली. बीटा मोटारींच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाचा आधारसांगाडा जेथे बॉडीला जोडलेला असे, तेथेच गंज चढला. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये गदारोळ उठला. कंपनीला अनेक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. १९९४ मध्ये तिने ती बाजारपेठच सोडली.

७/८
दरम्यान १९७५ च्या सुमारास पोर्शने ९११ साठी जस्तलेपित पत्रा स्वीकारला. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलाद वाचवते.

८/८
म्हणूनच जुन्या मोटारींचे जाणकार आज आधी जुना डांबरी थर खरवडतात, मीठ धुतात, कुजलेला पत्रा कापून नवा जोडतात आणि तळ पूर्ण वाळू देतात. मग प्रायमर, आणि शेवटी मऊ राहणाऱ्या मेणयुक्त द्रव्याचा फवारा. पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मात्र मोकळी. स्वच्छ पत्र्यावरचा लेप कवच ठरतो. गंजावर चढवलेला तोच लेप केवळ पडदा.