खोट्या प्राण्यांची खरी वंशावळ

कसाऱ्याच्या एका वर्गात आम्ही खेळ घेतला. एकाने काल्पनिक प्राणी काढायचा. पुढच्या दोघांनी तो गिरवून प्रत्येकी एकेक बदल करायचा. असे करत वर्गभर फांद्या फुटल्या. मग चित्रे पिसली. आता कोण कोणाचा पूर्वज?

१९६०च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात जोसेफ कॅमिन यांनी असेच गिरवत काल्पनिक प्राणी घडवले. खरी वंशावळ गुप्त ठेवून ती जाणकारांना ओळखायला लावली. ज्या वंशावळीत कमीत कमी बदल मानावे लागले, तीच सत्याच्या अधिक जवळ निघाली. १९६५ मध्ये कॅमिन व रॉबर्ट सोकल यांनी त्यावरून वंशावळ शोधण्याची पद्धत मांडली.

कॅमिनकडे उत्तर होते. निसर्ग उत्तरे आयती देत नाही. म्हणूनच पद्धत आधी खोट्या प्राण्यांवर पारखायची.