१४ मे १९९३ : व्होल्व्हो २४० चे उत्पादन थांबले

१९७४ मध्ये आलेल्या व्होल्व्हो २४० या स्वीडिश कौटुंबिक गाडीचे उत्पादन १४ मे १९९३ रोजी थांबले. तोवर सुमारे २८ लाख गाड्या तयार झाल्या होत्या. शेवटची गाडी स्टेशन वॅगन होती. ही गाडी लोकांच्या लक्षात राहिली ती चौकोनी बांध्यामुळे, पण तिचा खरा वारसा तिच्या एक्झॉस्टमध्ये आहे. कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण नियमांसाठी १९७७ च्या मॉडेलमध्ये एक्झॉस्टमध्ये स्पार्क प्लगएवढा ऑक्सिजन सेन्सर बसवला गेला. धुरातला ऑक्सिजन मोजून त्यानुसार इंधन आणि हवेचे प्रमाण सतत जुळवले जाऊ लागले. त्यामुळेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही घटक एकाच वेळी आटोक्यात आणता आले.

सेन्सर बॉश कंपनीचा, मग श्रेय गाडीला कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण प्रयोगशाळेतला शोध रोजच्या रहदारीत टिकतो हे सिद्ध करायला गाडीच लागते, आणि व्होल्व्होने ती जोखीम घरगुती गाडीवर घेतली. पुढे मिनीव्हॅन आणि एसयूव्हींनी वॅगनची जागा घेतली हेही खरे. मात्र पेट्रोलवर चालणाऱ्या त्या गाड्यांतही हेच तंत्र आहे. गाडीचा आकार मागे पडला, तिने घालून दिलेला स्वच्छ धुराचा दंडक मात्र सर्वांना स्वीकारावा लागला.