आमचूर

आमचुराचे नाव फळावरून आले: आम्र आणि चूर्ण. यावर एक आक्षेप रास्त वाटतो. संस्कृतात ‘आम’ म्हणजे कच्चा, आणि आमचूर होतो तो कैरीचाच. मग ‘कच्च्याचा चुरा’ असा अर्थ का घेऊ नये? उत्तर मराठीच्या घरातच आहे. आमरस पिकल्या आंब्याचा असतो, तरी त्यात ‘आम’ आहे, आमराईतही आहे. म्हणजे समासातला हा ‘आम’ आम्राचाच वंशज.

दुसरा आक्षेप ‘चूर’बद्दल. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा भागातली आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, कापून उन्हात वाळवतात. त्या वाळल्या फोडींनाच तिथे आमचूर म्हणतात. दळण पुढे होते. म्हणून व्युत्पत्ती चुकत नाही, अर्थ विस्तारतो: अंतिम मालाचे नाव कच्च्या मालाला मिळते. शहरी स्वयंपाकघराला आमचूर म्हणजे फक्त पूड वाटते. शब्दकोशाने मात्र फोडीचा अर्थही नोंदवायला हवा, कारण सोलण्या-वाळवण्याचे सारे कष्ट त्याच अर्थात आहेत.