साओला : दिसत नाही, म्हणून नाही?

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं की मीमांसकांचं 'अनुपलब्धी' हे प्रमाण आजच्या काळात कशाला हवं? तेव्हा वेळ संपली होती. आज एका प्राण्याच्या निमित्तानं उत्तर देतो.

आधी प्रमाण थोडक्यात. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? दिसत नाही म्हणून. पण कुमारिलांच्या परंपरेनं इथे एक अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. झालं, एवढंच ध्यानात ठेवा.

आता व्हिएतनाम. मे १९९२. लाओसच्या सीमेला लागून असलेल्या वू क्वांगच्या जंगलात व्हिएतनामच्या वनखात्याचे आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचे लोक पाहणीला गेले. तिथल्या शिकाऱ्यांच्या घरांत त्यांना वेगळीच शिंगं आढळली : लांब, सरळ, जवळपास समांतर. १९९३ साली 'नेचर'मध्ये नाव जाहीर झालं, स्यूडोरिक्स न्घेतिन्हेन्सिस. शिंगं आफ्रिकेतल्या ओरिक्ससारखी, म्हणून 'खोटा ओरिक्स'. कूळ मात्र गाई-म्हशींचं. ऐंशी-शंभर किलोचा प्राणी, तोंडावर पांढरे पट्टे, आणि विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत विज्ञानाला त्याचा पत्ता नाही!

पण 'शोध लागला' म्हणजे कुणाला लागला? गावकऱ्यांकडे त्याला नाव होतंच. साओला, म्हणजे चरख्याचे दोन उभे खांब. ती शिंगं पाहिली की नाव पटतं. म्हणजे इथे अज्ञान होतं ते आपलं. गोष्ट घरात टांगलेली होती, विचारायला कुणी गेलं नव्हतं.

१९९६ साली लाओसमधल्या लाक साओ इथे पकडलेली एक मादी विल्यम रॉबिशॉ या अभ्यासकाला जवळून पाहता आली. माणसांजवळ ती शांत असे, कुत्रा दिसला की मात्र भेदरून जाई. लाओ लोक साओलाला 'सभ्य प्राणी' म्हणतात. (प्राण्याला त्यांचा शब्द 'सत्', आपल्या 'सत्त्व'वरून गेलेला.) ती मादी थोड्याच दिवसांत मेली. २०१० मध्ये लाओसच्या गावकऱ्यांनी धरलेला साओलाही टिकला नाही. रानात तर आजवर एकाही जीवशास्त्रज्ञानं तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत तो मोजक्या वेळा आला, शेवटचा सप्टेंबर २०१३ मध्ये, क्वांग नाम प्रांतात.

गंमत म्हणावी की दुर्दैव? साओलाच्या मागे मुद्दाम फारसं कुणी नाही. चिनी औषधांत त्याला मागणी नाही, कारण चिनी वैद्यांना तो ठाऊकच नव्हता. फासे लागतात ते रानडुकरांसाठी, भेकरांसाठी. शहरातल्या हॉटेलांत रानमांसाला भाव येतो. तार फास लावणाऱ्याला विचारत नाही की आत कोण आलं. आपल्याकडे कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या सापडतो, तसंच. मध्य व्हिएतनाममधल्या दोन साओला-अभयारण्यांतून काही वर्षांत लाखाच्या वर फासे काढले गेले. काढले तितके पुन्हा लागतात.

मग साओला संपला का? अनेकजण 'हो' म्हणायला उतावीळ आहेत. मी म्हणेन, आधी अट तपासा. आनामाइट डोंगर म्हणजे दाट, चिंब, चढउतारांचं रान. मोजके कॅमेरे लावून तिथे 'असता तर दिसलाच असता' असं कसं म्हणायचं? ही अजून अंधारी खोलीच आहे. आणि 'संपला' हा शब्द नुसता निष्कर्ष नसतो. तो उच्चारला की फासे काढणाऱ्यांचा पगार थांबतो.

उलट बाजूही खरी. 'अजून असेल' म्हणत स्वस्थ बसणं हेही काही प्रमाण नव्हे. म्हणून आता तिथे दिवा नेण्याची खटपट चालू आहे : जळवांनी प्यायलेल्या रक्तातून, ओढ्याच्या पाण्यातून डीएनए शोधायचा. २०२५ मध्ये २६ साओलांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे दोन वेगळे गट असल्याचं त्यातून दिसलं. नमुने कुठून आले? बरेचसे पुन्हा शिकाऱ्यांच्या घरांतूनच.