न संपणारा सप्टेंबर

जून महिन्यात पाचवीच्या वर्गात नवी मुले येतात. पहिले काही दिवस गोंधळ असतो. कोणी मध्येच ओरडते, कोणी शेजाऱ्याला चिडवते. परंतु शाळेत जुनी मुले असतात, शिक्षक असतात. गणपतीच्या सुट्टीपर्यंत नवी मुले त्या शाळेचीच होऊन जातात. आता कल्पना करा, की नवी मुले रोजच येऊ लागली आणि तीही जुन्यांच्या कितीतरी पटीने. मग काय होईल? संगणकांच्या जगात हे एकदा खरोखरच घडले.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना एक युक्ती सुचली. एका संगणकाने दूरध्वनीवरून दुसऱ्याला गाठायचे, साठलेले संदेश एकमेकांना द्यायचे आणि दुसऱ्याने ते तिसऱ्याकडे पोहोचवायचे. यातून १९८० साली ‘यूजनेट’ सुरू झाले. त्यात विषयवार चर्चागट असत. या जाळ्याला मध्यवर्ती संगणक नव्हता, त्यामुळे मालकही नव्हता. ज्याला जोडणी मिळाली, त्याने हवे ते लिहावे.

अशा लेखी गप्पांत भांडणेही लवकर पेटतात. समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज अर्थ सांगतात. पडद्यावर नुसती अक्षरे उरतात. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर कोणी गमतीने लिहिले, की एका प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ती खरीच धोक्याची सूचना वाटली. तेव्हा स्कॉट फाहलमन यांनी विनोदापुढे दोन टिंबे, आडवी रेघ आणि कंस काढण्याची सूचना केली. मान तिरकी करून पाहिले, की हसरा चेहरा दिसतो!

यूजनेटवर शिष्टाचाराची टिपणे नवागतांसाठी पुन्हा पुन्हा प्रसृत केली जात. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, महिनाभर धुडगूस घालत, जुन्यांची बोलणी खात आणि रुळत. परंतु १९९३-९४ मध्ये घरोघरी जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचे दार उघडले. शिकणारे अफाट, शिकवणारे मूठभर! जुन्या मंडळींनी या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले.

एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी आपली जाहिरात हजारो गटांत चिकटवली. लोक संतापले. लेखकाला स्वतःचा संदेश मागे घेता यावा म्हणून ‘रद्द’ करण्याची सोय होती. ती आता इतरांनी अशा जाहिरातींवर वापरायला सुरुवात केली. पण दुसऱ्याचे लेखन पुसण्याचा अधिकार कोणाला? आज जाहिरात पुसली, उद्या न पटणारे मत पुसले तर?

यावर जो तोडगा रुळला तो गणिती होता. मजकूर पाहायचाच नाही, तो किती ठिकाणी चिकटवला एवढेच मोजायचे. एकच संदेश ९ गटांना एकत्र पाठवला तर ९ चे वर्गमूळ म्हणून ३ गुण. तोच ९ गटांत सुटासुटा पाठवला तर ९ गुण. ४५ दिवसांत बेरीज २० किंवा त्याहून अधिक झाली, की तो रद्द करण्याजोगा. सेथ ब्रायडबार्ट यांच्या नावाने हा निर्देशांक ओळखला जातो. यात मत कोणाचे, कोणत्या बाजूचे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

या मोजमापाला मर्यादा आहे. एखाद्याला दिलेली शिवी एकदाच लिहिली तरी लागते. तिथे वाचणारा माणूसच हवा. काही गटांत १९८४ पासून असे नियामक होते. संदेश आधी त्यांच्याकडे जाई, मगच सर्वांपर्यंत पोहोचे. भौतिकशास्त्राच्या खुल्या गटात फार गलका होऊ लागल्यावर १९९३ साली संशोधनविषयक नियंत्रित गट निघाला. खुला गट मात्र बंद केला नाही. नियामकाने नाकारलेला लेखक शेजारी जाऊन तेच लिहू शकत होता. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. नियामकही चुकतो, आणि विज्ञानात आजचे विचित्र मत उद्या बरोबरही ठरू शकते.

यूजनेटचे दिवस आता सरले. गूगलनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या बाजूने त्याची जोडणी तोडली. आज बहुतेक चर्चा कंपन्यांच्या मालकीच्या आवारात चालते. तिथून बाहेर काढलेल्याला शेजारची जागा सहज सापडत नाही, आणि शिवी खाणाऱ्यालाही सहज उठून जाता येत नाही. त्यामुळे नियम कोण करतो, हा प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे.

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटासाठी मुलांनाच नियम लिहायला सांगून पाहा. प्रत्येक नियमावर एकच प्रश्न विचारा : हेच शब्द आपल्या बाजूच्या मित्राने लिहिले असते, तर आपण हाच नियम लावला असता का? उत्तर ‘नाही’ आले, तर तो नियम पुन्हा लिहायला हवा.