अलार्म वाजतो, पण कधी?

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात फोडणीत मिरच्या टाकल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. खुर्चीवर चढून सरळ बॅटरी काढून टाकली. "धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा असता तर बरं," रूममेट म्हणाला. मलाही पटलं. पुढे पीएच.डी. करताना सेन्सरांच्या चाचण्यांचा इतिहास वाचला आणि मत बदललं.

१९६०-७०च्या दशकांत इथे दारोदार फिरून हीट अलार्म विकले जात. छताजवळची हवा साधारण ५७ अंश सेल्सिअसला पोचली की ते वाजायचे. प्रयोगशाळेत अगदी बरोबर वाजायचे! पण तोवर झोपलेला माणूस जिवंत असेल का?

१९६२ साली कॅनडात मॅग्वायर आणि रस्को यांनी ओंटारिओतल्या घरगुती आगींमधले ३४२ मृत्यू तपासले. त्यांचा अंदाज: हीट अलार्मने ८ टक्के माणसं वाचली असती, स्मोक अलार्मने ४१ टक्के.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्ष आगी लावल्या १९७५-७६ मध्ये, मिशिगन सरोवराकाठी इंडियाना ड्यून्सला. राष्ट्रीय उद्यानासाठी घेतलेली, पाडायची घरं तिथे होती. पैसा सरकारी नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचा, काम अंडररायटर्स लॅबोरेटरीज आणि शिकागोच्या आयआयटी रिसर्च इन्स्टिट्यूटचं (ही आयआयटी आपली नव्हे बरं का!). खऱ्या घरात गाद्या, सोफे पेटवले. काही नुसते धुमसत ठेवले.

धुमसणाऱ्या सोफ्याचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरतो, पण छत फारसं तापत नाही. त्यामुळे हीट अलार्म फार उशिरा वाजले, नाहीतर वाजलेच नाहीत. स्मोक अलार्मने मात्र बहुतेक वेळा बाहेर पडायला पुरेसा अवधी दिला.

ते दारोदार विकणं शेवटी फिगी इंटरनॅशनल या कंपनीला भोवलं. हीट अलार्म जीव वाचवायला भरवशाचे असल्याचा तिचा दावा फेडरल ट्रेड कमिशनने १९८६ साली दिशाभूल करणारा ठरवला. १९९३ मध्ये अपील कोर्टाने ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आदेशही कायम ठेवला.

हीट अलार्म निरुपयोगी नाही. स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये तो जोडीला चांगलाच. पण झोपायच्या खोलीबाहेर स्मोक अलार्मच हवा. तुम्ही घरासाठी घ्यायला गेलात, तर "किती अंशांना वाजतो?" एवढंच विचारू नका, "पळायला किती वेळ देतो?" हेही विचारा.

मी बॅटरी केव्हाच परत घातली. फोडणीच्या वेळी आता खिडकी उघडतो.