माळीवाड्याहून सुटलेलं हसू

खिशातला मोबाईल घरीच ठेवा. आपण जिथे निघालोय तिथे तो बाहेर काढलात, तर लोक आरसा समजून त्यात बघत भांग पाडतील.

डोळे उघडा. साल 1952. तुम्ही नगरच्या माळीवाडा वेशीपाशी उभे आहात. हे आजचं अहिल्यानगर, पण इथे सगळे नुसतं नगर म्हणतात. ऊन आत्ताच मानेवर बसलंय. टांग्याचं घोडं तुमच्या खांद्याशी फुरफुरतं आणि त्याच्या तोंडातल्या ओल्या गवताचा वास थेट तुमच्या नाकात शिरतो. पलीकडे कुणी शेंगदाणे भाजतंय. कढईतली वाळू खरखरते आणि तो खमंग वास धुळीत मिसळून घशाशी येतो. कुठल्याशा बोळातून हातमागाची खटाक-खट ऐकू येते. नगरात विणकरांची वस्ती मोठी, त्यामुळे हा ठेका इथे घड्याळाच्या टिकटिकीसारखा आहे. थोड्या वेळानं तो कानांना जाणवेनासा होईल.

आता पुढे सरका, नाहीतर जागा जाईल. समोर उभी आहे ती एसटी. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 ला इथूनच पुण्याला सुटली, म्हणून नगरकर आजही तिच्याकडे घरच्या लेकीकडे पाहावं तसे पाहतात. बेडफर्डची गाडी, लाकडी सांगाडा, काथ्या भरलेली आसनं. चढताना कुणाची वळकटी तुमच्या बरगडीत रुतते, कुणाच्या पाटीतली कोंबडी तुमच्या धोतराला चोच मारते. (हो, धोतर नेसलाय तुम्ही. सवय होईल.) बसल्यावर काथ्या टोचतो. बाजूच्या आजींच्या फडक्यात बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा आहे, आणि पुण्यापर्यंत या बसमध्ये हाच वास राज्य करणार आहे.

गाडी सुटण्याआधी खिडकीतून हात काढून स्टॉलवरचं एक मासिक घ्या. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी ती टांगलेली आहेत, आणि त्यांच्यावर सुंदर बायकांचीच गर्दी आहे. कुणाच्या हातात कमळ, कुणाच्या हातात वीणा, सगळ्यांची नजर दूर कुठेतरी लागलेली. त्यांच्या ओळीत एक मुखपृष्ठ मात्र तुमच्याकडे बघून डोळा मारतंय. मासिकाचं नाव ‘मोहिनी’, संपादक अनंत अंतरकर.

घंटीची दोरी ओढली जाते, गाडी खाकरते, जळक्या तेलाचा भपकारा आत येतो आणि केडगाव मागे पडतं. आता अंक मांडीवर घ्या.

चित्र साधं आहे. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत. अनोळखी माणसं उभी राहतात तसेच, सभ्यपणे. पण एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आहे आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. बस्स. खाली एक शब्द नाही. आधी तुम्ही नुसते रंग बघता. मग कापडावरचा नमुना दिसतो. मग दुसरा दिसतो, आणि पोटातून काहीतरी उसळून वर येतं.

“काय हाय रं त्यात? दाव बरं मला.” आजी विचारतात.

तुम्ही अंक पुढे करता. आजींना अक्षरओळख नाही. त्या अंक डोळ्यांपासून लांब धरतात, बस खड्ड्यात आदळते, त्या परत धरतात. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसतात की भाकरीचं फडकं मांडीवरून घसरतं. “आगं बाई, मांजरं न् उंदरं!” पुढच्या बाकावरचा कापडाचा व्यापारी मान वळवतो. अंक त्याच्याकडे जातो, तिथून कंडक्टरकडे, तिथून मागच्या रांगेत. प्रत्येक बाकाला हसू थोडं उशिरा पोचतं, आणि सुपं गाव येईपर्यंत ते मागच्या काचेपर्यंत जाऊन आलेलं असतं.

हे ज्यांनी काढलं त्यांचं नाव शि. द. फडणीस. भोज गावात जन्मलेला, कोल्हापुरात वाढलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला पंचविशीतला माणूस. विनोद वाचायचा किंवा ऐकायचा, अशी सवय असलेल्या मराठी माणसाला त्यांनी तो नुसता बघायला लावला. माझ्या मते हे फार मोठं काम आहे. विनोदातून शब्द काढून टाकायचे म्हणजे जिन्याची दांडी काढून टाकण्यासारखं. पाऊल चुकलं की सावरायला काही नाही. प्रत्येक रेघ जागेवर हवी, रंग स्वच्छ हवेत, आणि पाहणाऱ्यावर भरवसा हवा, की हा स्वतःच शोधेल.

आणि यासाठी सामान कुठलं? तुमच्या भोवतीचंच. छापील पाचवारी नेसलेल्या बायका या दिवसांत रस्त्यावर दिसू लागल्यात, तरुण पोरं नक्षीचे मनिला शर्ट घालून मिरवतायत, आणि बसची वाट पाहण्यात दिवसाचा केवढा तरी वेळ जातोय. हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण साडी आणि शर्ट शेजारी उभे राहिले की काय होतं, याकडे थांबून पाहायला एक माणूस लागला.

घोडनदीचा पूल येतो. तो ओलांडताना पाण्यावरून आलेला वारा घामावर लागतो, आणि नगर जिल्हा संपतो. पलीकडे गाडी चहाला थांबते, आणि चहात आलं आहे. खाली उतरलेल्या आजी तुमच्याकडून अंक परत मागून घेतात आणि चहावाल्याच्या पोराला दाखवतात. तो पोरगा कपबशी हातात धरून बघतच राहतो. पुढे त्याच्या पोरांच्या दप्तरात बालभारतीचं गणिताचं पुस्तक येईल. आकड्यांच्या शेजारी हसरी चित्रं असतील, आणि ती याच हातची असतील. फडणीस वयाची शंभरी गाठतील. पोराला यातलं काही ठाऊक नाही. चहा थंड होतोय म्हणून मालक ओरडतो.

रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव, वाघोली. ठेच्याचा वास, धूळ, डुलक्या.

शिवाजीनगरला उतरलात की पाय लाकडी झालेले असतात. शहरात जायला दुसरी बस धरायची, म्हणून तुम्ही रांगेत उभे राहता. पुढे हिरव्या पानांची छापील साडी नेसलेल्या एक बाई, हातात पिशवी, नजर बसच्या वाटेकडे. शेजारी चहाच्या टपरीच्या खांबाला एक शेळी बांधलेली आहे.

शेळी मान वर करते. साडीकडे पाहते. दोरी ताणत एक पाऊल पुढे येते.

“ओ पाव्हणं,” मागचा माणूस तुमच्या पाठीला बोट लावतो, “एकटेच काय हसताय? बस आली, चढा की.”